आर.ई.एम. ऐकायचंय? मग गाणाऱ्याला जरा बाजूला ठेवा

आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचं "लूझिंग माय रिलिजन" ऐकलंच नाही असा माणूस सापडणं अवघड आहे, प्रत्येक हॉस्टेलवर गिटारवाला एक तरी पोरगा असतो आणि त्याला ते येतंच येतं. "एव्हरीबडी हर्ट्स" पण बऱ्याच जणांना माहितीये. त्याच्यापुढे मात्र गाडी जात नाही. मग कोणीतरी सांगतं की अरे निर्वाणावाला कर्ट कोबेन, रेडिओहेडवाले, सगळे यांना मानायचे, म्हणून आपण एक दिवस बेस्ट ऑफ लावतो, आठ-दहा गाणी होतात, गाणारा काय म्हणतोय त्यातलं अर्धं कळत नाही, आणि आपण म्हणतो ठीके, बरंय, आणि परत आपलं नेहमीचं लावतो.

तर हा बँड नीट कसा ऐकायचा ते सांगतो. १९८३ ते २०११ मधले पंधरा स्टुडिओ अल्बम आहेत, ते सगळे रांगेत लावून ऐकायची काहीच गरज नाही. आणि मेन युक्ती आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे: मायकल स्टाइपकडे लक्ष देऊ नका. निदान पहिले काही दिवस तरी नको. तो गाणारा, टकला, डोळ्यांत बघणारा, सगळे फोटो त्याचेच, सगळ्या मुलाखती त्याच्याच, त्यामुळे लोक त्यालाच बँड समजतात. पण आर.ई.एम. चालायचं ते बाकीच्या तिघांवर. पीटर बक गिटार, माइक मिल्स बेस आणि मागचा दुसरा आवाज, बिल बेरी ड्रम्स. त्यातही शेवटचे दोघं. ड्रमर गेला आणि बँडचा रंगच बदलला, हे एकदा कानाला कळलं की अख्खी एकतीस वर्षांची कारकीर्द आपोआप उलगडते.

आधी थोडी माहिती, म्हणजे कोण कुठला ते कळेल. जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे युनिव्हर्सिटीचं गाव. तिथे वक्स्ट्री रेकॉर्ड्स नावाच्या दुकानात पीटर बक कामाला होता, आणि स्टाइप नावाचा एक स्टुडंट येऊन नेमक्या त्याच रेकॉर्ड उचलायचा ज्या बकने स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलेल्या असायच्या. तिथून दोस्ती. मिल्स आणि बेरी मेकन गावचे, शाळेपासून एकत्र वाजवणारे, म्हणजे बेस आणि ड्रम्स ही जोडी बँडच्या आधीपासून जमलेली होती, हे लक्षात ठेवा. ५ एप्रिल १९८० ला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, जुन्या बंद पडलेल्या चर्चमध्ये पहिला कार्यक्रम झाला. तेव्हा नाव पण ठरलं नव्हतं, ते नंतर स्टाइपने डिक्शनरी उघडून काढलं. मग कॉलेज सोडलं, एक जुनी व्हॅन, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पिझ्झाच्या दुकानांपासून बारपर्यंत जिथे बोलावतील तिथे.

अजून एक गोष्ट, ही फार महत्त्वाची. गाणं कोणीही आणलेलं असो, नावं चौघांची लागायची, बेरी, बक, मिल्स, स्टाइप, ए-बी-सी-डीच्या क्रमाने, म्हणजे ड्रमरचं नाव पहिलं आणि गाणाऱ्याचं शेवटी. पैसे सारखे वाटून. आणि कुठलाही निर्णय चौघांना पटला तरच, एकाने नाही म्हटलं की विषय संपला. बँड फुटतात ते बहुतेक वेळा गाणं कोणाचं आणि रॉयल्टी कोणाची यावरून, इथे ती भानगडच ठेवली नाही. त्यामुळेच गाणी ऐकताना कोण लीड आहे ते कळत नाही, आणि ते तसंच असायला हवं होतं.

आता प्रत्यक्ष ऐकायचं कसं. शफल बंद करा. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर मिल्सचा बेस ऐकूच येत नाही आणि तो नाही आला तर सगळं मुसळ केरात. आणि लिरिक्सची साइट उघडू नका. सुरुवातीच्या अल्बमवर त्यांनी शब्द छापलेच नव्हते, "ग्रीन"वर एकाच गाण्याचे छापले आणि सगळ्या गाण्यांचे शब्द पहिल्यांदा छापले ते १९९८ साली "अप"वर, म्हणजे अठरा वर्षं लोकांनी अंदाजपंचेच ऐकलंय. नेटवर जे शब्द सापडतात त्यातले जुन्या गाण्यांचे कित्येक तर कोणीतरी कान देऊन लिहिलेले आहेत. स्टाइपचा आवाज हे तेव्हा एक वाद्य होतं, त्याला वाद्यासारखंच ऐका.

सुरुवात मधूनच करायची. "ऑटोमॅटिक फॉर द पीपल", १९९२. पहिलं म्हणून हाच का, तर तो सगळ्यात सोपाही आहे आणि सगळ्यात खोलही, आणि त्यात शब्द नीट ऐकू येतात त्यामुळे नवा माणूस पळून जात नाही. नाव अथेन्समधल्या वीव्हर डी या खानावळीच्या पाटीवरून घेतलंय. संध्याकाळी उजेड कमी झाला की लावा, मधे उठू नका. पहिल्यांदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा मात्र काम करायचं. "एव्हरीबडी हर्ट्स" बऱ्यापैकी बेरीचं गाणं आहे, ड्रमरचं, आणि गंमत म्हणजे त्यात ठेका धरलाय तो ड्रम मशीनने. ज्याचं गाणं त्यालाच वाटलं की इथे आपले हात नकोत. ही अक्कल रॉक ड्रमर लोकांत क्वचित असते, माफ करा ड्रमर मंडळी. चार गाण्यांतली व्हायोलिनं वगैरे लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने बसवलीयेत, म्हणजे तोही बेसवालाच. "नाइटस्विमिंग" म्हणजे मिल्सचा पियानो आणि स्टाइप, ड्रम्स नाहीत गिटार नाही, तरी कुठे रिकामं वाटत नाही.

आणि मग शेवटचं गाणं, "फाइंड द रिव्हर". इथे जरा थांबा. मागे दोन आवाज येतात, एक मिल्सचा आणि एक बेरीचा. बेरीची आयडिया अशी होती की दोघांनी आपापला भाग वेगवेगळा रेकॉर्ड करायचा, दुसऱ्याने काय गायलंय ते न ऐकता. मिल्स गेला आणि जीव तोडून गायला, बेरी गेला आणि एकदम शांत, थंड, खालच्या पट्टीत गायला. आणि दोन्ही एकमेकांवर ठेवल्यावर जे झालं ते तसंच ठेवलं. गाणं लावून एकदा फक्त डावीकडे-उजवीकडे मागे काय चाललंय तेवढंच ऐका, स्टाइप समोर गातोय त्याला गाऊ द्या. एक माणूस हात पसरून उभा आहे आणि दुसरा खिशात हात घालून, आणि दोघं एकच गोष्ट म्हणतायत. मला विचाराल तर अख्खा बँड या गाण्याच्या शेवटच्या दीड मिनिटात आहे.

हे झालं की सरळ दहा वर्षं मागे. इथे बरेच लोक "आउट ऑफ टाइम"ला उडी मारतात, तसं करू नका, त्याची वेळ येईल.

"रेडिओ फ्री युरोप" हे त्यांचं पहिलं सिंगल, १९८१, हिब-टोन नावाच्या छोट्याशा लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, मिच ईस्टरने नॉर्थ कॅरोलायनातल्या त्याच्या घरच्या गॅरेजवजा स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं. नंतर १९८३ च्या "मर्मर" अल्बमसाठी तेच गाणं परत केलं. दोन्ही पाठोपाठ लावा. पहिलं घाईघाईचं, मातकट, धावत सुटलेलं. दुसरं सावकाश आणि स्वच्छ. बँडवाल्यांना स्वतःला जुनंच जास्त आवडायचं, मला पण जुनंच, पण दुसऱ्यात बेस आणि ड्रम्स कसे एकमेकांत अडकवलेत ते जास्त स्पष्ट ऐकू येतं, म्हणून आपल्या कामाला दुसरं.

मग "क्रॉनिक टाऊन", १९८२, पाचच गाणी आहेत, वीसएक मिनिटांचा मामला. आणि मग "मर्मर" अख्खा. हा अल्बम होण्याआधी एक प्रकार झाला तो माहीत असला तर ऐकायला मजा येते. आय.आर.एस. या लेबलने त्यांना स्टीफन हेग नावाचा प्रोड्युसर दिला होता. त्याने "कॅटापल्ट" हे एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं, ठेका मशीनच्या टिकटिकीला चिकटून हवा म्हणून, बेरीचा पार जीव गेला, आणि वर हेगने टेप नेऊन त्यात यांना न विचारता सिंथेसायझर घातले. पोरांनी सांगितलं आम्हाला मिच ईस्टरच हवा. मग ईस्टर आणि डॉन डिक्सन या दोघांना एका गाण्यावर ट्राय दिली, ते जमलं, आणि तेच पुढे "मर्मर"चे प्रोड्युसर झाले. गिटारचे सोलो नकोत, त्या काळातले सिंथेसायझर नकोत असं बँडने बजावून सांगितलं होतं. म्हणून तो अल्बम १९८३ चा वाटतच नाही. त्या वर्षी मायकल जॅक्सनचं "थ्रिलर" सगळीकडे वाजत होतं आणि रोलिंग स्टोन मासिकाच्या समीक्षकांनी वर्षाचा अल्बम म्हणून "मर्मर" निवडला. खप मात्र बेताचाच, बिलबोर्ड या अमेरिकेतल्या खपाच्या यादीत ३६ नंबरपर्यंत. 

"मर्मर"मध्ये "परफेक्ट सर्कल" ऐका, हेही मुळात बेरीचंच. आता लक्षात यायला लागलं असेल मी ड्रमर ड्रमर का करतोय ते. जमलं तर २००८ ची डिलक्स आवृत्ती शोधा, तिच्यात टोरोंटोच्या लॅरीज हाइडअवे नावाच्या क्लबातला जुलै १९८३ चा कार्यक्रम आहे, त्यात कळतं की रेकॉर्डवर धुक्यातले वाटणारे हे लोक स्टेजवर किती दणकून वाजवायचे.

पुढचे तीन-चार अल्बम दर वर्षाला एक असे येत राहिले, त्यातल्या प्रत्येकाला एकेक दिवस द्या, एका बैठकीत दोन नकोत. "रेकनिंग" १९८४, झटपट उरकलेला, सगळ्यात खेळकर. त्यातलं "रॉकव्हिल" मिल्सचं आहे, गावी परत जाऊ नकोस असं कोणालातरी विनवणारं. "साउथ सेंट्रल रेन" पण त्यातच, आणि हे गाणं त्यांनी डेव्हिड लेटरमनच्या शोमध्ये ऑक्टोबर १९८३ ला वाजवलं तेव्हा त्याला नावच नव्हतं. व्हिडिओ सापडतो, बघा, स्टाइप केसांच्या मागे लपलाय आणि लेटरमन बोलायला येतो तेव्हा बक आणि मिल्सच बोलतात, स्टाइप मागे ड्रम्सपाशी बसून राहतो.

"फेबल्स ऑफ द रीकन्स्ट्रक्शन" १९८५ जरा कठीण आहे. लंडनला जाऊन थंडीपावसात केला, जो बॉइड प्रोड्युसर, पोरांना ना हवा मानवली ना जेवण, बँड तेव्हाच फुटायच्या बेतात होता असं तेच सांगतात. गंमत बघा, घरापासून इतक्या लांब बसून केला आणि सगळ्यात जास्त दक्षिण अमेरिकेतली माती यातच आहे... म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग म्हणतोय मी, ब्राझील नव्हे. रेल्वे, म्हातारे, विक्षिप्त गावकरी. "ड्रायव्हर ८" पासून शिरा, बाकीचं नाही जमलं तर सहा महिन्यांनी परत या.

"लाइफ्स रिच पेजंट" १९८६. इथे आपला सगळा अभ्यास कामी येतो. डॉन गेहमन प्रोड्युसर, त्याने स्टाइपला सांगितलं की बाबा जरा तोंड उघडून गा, आणि पहिल्यांदा शब्द कळायला लागले. "कायाहोगा" बेसने सुरू होतं, गिटारने नाही, मिल्स वरच्या पट्टीत चाल वाजवतोय आणि बाकी सगळे त्याच्या मागे येतात. गाणं ओहायोतल्या त्या नदीचं, जी १९६९ साली प्रदूषणाने चक्क पेटली होती. आणि "फॉल ऑन मी" तर पाठ करून टाका. तीन वेगवेगळे आवाज आहेत, स्टाइप एक चाल गातोय, मिल्स दुसरीच, बेरी खाली तिसरी, आणि मधल्या कडव्यात तर मिल्स सरळ पुढे येऊन गातो आणि स्टाइप मागे. तीनदा लावा, दर वेळी एकाच माणसाच्या मागे जा. चौथ्यांदा तिघं एकदम ऐकू येतील, आणि मग ते परत कधी वेगळे करता येणार नाहीत. हे करताना बस चुकली तर मी जबाबदार नाही.

"डॉक्युमेंट" १९८७ हा प्रोड्युसर स्कॉट लिटबरोबरचा पहिला, आणि इथून हा माणूस पुढची जवळजवळ दहा वर्षं त्यांच्याबरोबर होता. "द वन आय लव्ह" अमेरिकेत ९ नंबरला गेलं, लोक ते लव्ह साँग समजून एकमेकांना डेडिकेट करायचे, नीट ऐकलं तर ते फार निर्दय गाणं आहे. "इट्स द एंड ऑफ द वर्ल्ड" मधे सगळ्यांचं लक्ष त्या धडाधड शब्दांकडे असतं, तुम्ही कोरसमध्ये मागे मिल्स वेगळंच काय गातोय ते धरा, शब्द वेगळे, चाल वेगळी. २०२० साली जग घरात बसलं तेव्हा हे गाणं परत वर आलं होतं, साहजिकच. त्या डिसेंबरमध्ये, १९८७ च्या म्हणतोय, रोलिंग स्टोनच्या कव्हरवर हे चौघं अमेरिकेतला सगळ्यात भारी रॉक अँड रोल बँड म्हणून छापून आले.

आता इथे एक ढोबळ हिशोब, आय.आर.एस.चे पाच अल्बम आणि मग वॉर्नरचे दहा. १९८८ ला मोठ्या कंपनीकडे गेले तेव्हा कॉलेजमधल्या पोरांनी विकले गेले म्हणून ओरड केली, ती ओरड करणारे लोक आता पन्नाशी ओलांडून गेले असतील आणि त्यांनाही "ग्रीन" आवडत असेल. तो बाहेर आला ८ नोव्हेंबर १९८८ ला, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती त्याच दिवशी, हे मुद्दाम. "ग्रीन"मध्ये त्यांनी वाद्यं अदलाबदल करायला सुरुवात केली, बकला गिटारचा कंटाळा आला म्हणून त्याने मॅन्डोलिन घेतलं. "यू आर द एव्हरीथिंग" ऐका, तिथे पुढच्या अल्बमची चाहूल आहे. "स्टँड" स्किप केलं तरी काही बिघडत नाही, ते मुद्दाम येडपट केलंय.

आणि आता "लूझिंग माय रिलिजन". शेकडो वेळा ऐकलेलं गाणं नवीन कसं ऐकायचं? सांगतो. बक टीव्ही बघत बसला होता, नवीन आणलेलं मॅन्डोलिन शिकत होता, आणि टेप चालू होता. नंतर ऐकलं तर बराचसा शिकाऊ कचरा आणि मधेच हा तुकडा. म्हणजे मॅन्डोलिन येणाऱ्या माणसाने ते केलंच नसतं. मग मिल्सचा प्रश्न असा की याच्याखाली बेस काय वाजवायचा, त्याला सुचेना, शेवटी फ्लीटवुड मॅकच्या जॉन मॅकव्हीची आठवण ठेवून त्याने ती चाल बांधली. आता गाणं लावा आणि मॅन्डोलिनकडे दुर्लक्ष करून फक्त बेस ऐका, किती कमी सूर आहेत आणि किती नेमके. बेरीने ड्रम्समध्ये एकही फॅन्सी गोष्ट केलेली नाही. स्टाइपने एका टेकमध्ये गायलं. कोरस म्हणावा असा कोरसच नाही, मॅन्डोलिन पुढे, कंपनीचं म्हणणं हे पहिलं सिंगल नको. ते बिलबोर्डवर ४ नंबरला गेलं.

व्हिडिओ पण परत बघा, कारण तो केलाय तरसेम सिंगने, जालंधरचा माणूस. त्याला हिंदी सिनेमासारखा सगळं ओसंडून वाहणारा भडक भाव हवा होता, म्हणून ते पंखवाले म्हातारे, देवादिकांसारखे सजून बसलेले लोक, दुधाचा सांडणारा जग, आणि मधे स्टाइप वेड्यासारखा नाचतोय. आपल्याकडे केबल आली आणि एम टीव्ही दिसायला लागला तो काळ हाच, त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतल्या बऱ्याच लोकांना गाण्याआधी ती खिडकी आणि ते दूधच आठवतं. १९९१ साली त्याला एम टीव्हीचं वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओचं बक्षीस मिळालं, आणि पुढच्या वर्षी अल्बमला तीन ग्रॅमी.

बाकी "आउट ऑफ टाइम" (१९९१) उंचसखल आहे, स्पष्टच सांगतो. "शायनी हॅपी पीपल" बँडला स्वतःलाच नंतर नकोसं झालं होतं, त्यांच्या २००३ च्या बेस्ट ऑफवर ते घेतलंच नाही. पण "निअर वाइल्ड हेवन" आणि "टेक्सरकाना" ही मिल्सने पुढे येऊन गायलेली, आणि "हाफ अ वर्ल्ड अवे" तर सोन्यासारखं. अल्बम एक नंबरला गेला आणि हे लोक टूरला गेलेच नाहीत. "ग्रीन"च्या टूरने दमले होते, बेरी सगळ्यात जास्त. कंपनीच्या पोटात गोळा आला असणार, पण चौघांची सही लागते आणि चौघांचं नाही म्हटल्यावर नाही. पुढचा "ऑटोमॅटिक", त्याचीही टूर नाही. दोन्ही जगभरात एक कोटीच्या वर खपले, व्हॅनमध्ये राहून नाव काढलेल्या बँडने घरात बसून. एक बारीक गोष्ट सांगायची राहिली, "आउट ऑफ टाइम"च्या सीडीच्या लांबट खोक्यावर मागे एक कार्ड छापलं होतं, ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणी पण व्हावी या कायद्याला पाठिंबा म्हणून खासदाराला पाठवायचं. हजारो लोकांनी ती कापून पाठवली, कायदा १९९३ साली झाला.

"मॉन्स्टर", १९९४. हा तीन वर्षं शांत बसल्यावर केलेला दंगा आहे, सगळीकडे घरघरणारी गिटार, आवाज आत दाबलेला. जुन्या सीडीच्या दुकानात हाच अल्बम ढिगाने पडलेला असायचा अमेरिकेत, म्हणजे लोकांनी घेतला आणि विकून टाकला. मला वाटतं लोकांनी घाई केली. २०१९ मध्ये स्कॉट लिटने तो नव्याने मिक्स केला, आवाज वर आणला, दोन्ही ऐकून ठरवा, मी मूळवाल्याच्या बाजूचा, तो गढूळपणाच त्याचा मुद्दा आहे. "लेट मी इन" हे कोबेनसाठी, तो एप्रिल १९९४ ला गेला. "स्ट्रेंज करन्सीज" मध्यंतरी "द बेअर" या शेफच्या सिरीजमुळे नव्या पोरांना माहीत झालं.

१९९५ ची टूर म्हणजे पनवतीच. १ मार्चला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला स्टेजवर बेरीचं डोकं असह्य दुखायला लागलं, मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती, तातडीने ऑपरेशन. वाचला, आणि दोनेक महिन्यांत परत ड्रम्सवर. मग मिल्सच्या पोटाचं ऑपरेशन. मग स्टाइपचं हर्नियाचं. बक तेवढा धडधाकट राहिला. आणि या सगळ्या गोंधळात, कार्यक्रमाआधीच्या साउंडचेकमध्ये, स्टेजवर, ड्रेसिंग रूममध्ये, त्यांनी नवीन अल्बम बराचसा रेकॉर्ड करून टाकला.

तो म्हणजे "न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय", १९९६, आणि "ऑटोमॅटिक"नंतर तुम्ही एकच अल्बम ऐकणार असाल तर हा ऐका. लांब आहे, पासष्ट मिनिटं, रात्रीच्या एसटी प्रवासाला किंवा हायवेला उत्तम. "ई-बो द लेटर"मध्ये पॅटी स्मिथ, जिची रेकॉर्ड ऐकून स्टाइप शाळेत असताना बिघडला, ती त्याच्यामागे गातेय. "लीव्ह"मध्ये सात मिनिटं भोंगा वाजत राहतो, सुरुवातीला वैताग येतो, मग त्याच्याशिवाय चैन पडत नाही. आणि शेवटी "इलेक्ट्रोलाइट", मिल्सचा पियानो, बेरीचा हलका ठेका. बेरी असलेल्या शेवटच्या अल्बमचं हे शेवटचं गाणं. हे माहीत असताना ऐका. चौघांचा बँड इथे संपतो.

ऑक्टोबर १९९७ ला बेरीने सांगितलं मी थांबतो. भांडण नाही काही नाही, ड्रम्सचा उत्साह संपला होता. पण अट घातली, माझ्यामुळे बँड मोडणार असेल तर मी जात नाही. ते हो म्हणाले, तो शेती करायला गेला. स्टाइप तेव्हा म्हणाला होता की तीन पायांचा कुत्रा पण कुत्राच असतो, फक्त धावायला नव्याने शिकावं लागतं. वर्षभर आधीच वॉर्नरशी पाच अल्बमचा करार झाला होता, आठ कोटी डॉलर असा आकडा सगळीकडे छापून आलेला. म्हणजे पाच अल्बम देणं भाग, आणि ठेका धरणारा गेला.

म्हणून "अप" (१९९८) लावाल तेव्हा पहिलं गाणं मुद्दाम नीट ऐका, "एअरपोर्टमॅन". ड्रम मशीन टकटकतंय, स्टाइप पुटपुटतोय, जिथे बेरी असायचा तिथे भोक आहे, आणि त्यांनी ते बुजवायचा प्रयत्न पण केलेला नाही. याच अल्बमवर शब्द छापले, कारण आता लपायला जागा उरली नव्हती असं मला वाटतं. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, मला तो तीन जणांच्या काळातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. "ॲट माय मोस्ट ब्यूटिफुल" आणि "डेस्लीपर" पासून आत जा.

त्यानंतरचं भरभर. "रिव्हील" (२००१) उन्हाळी, गोडसर, "इमिटेशन ऑफ लाइफ" घ्या, व्हिडिओ वीसेक सेकंदांचा एकच शॉट पुढे-मागे फिरवून केलाय तो बघण्यासारखा. "अराउंड द सन" (२००४) सगळ्यात शेवटी ऐका, किंवा ऐकूच नका, बकने स्वतः त्याला नावं ठेवलीयेत. मग त्यांनी २००७ ला डब्लिनच्या ऑलिंपिया थिएटरात पाच रात्री लोकांसमोर रिहर्सल केली, नवी कच्ची गाणी आणि मधे मधे जुनी फारशी न वाजवलेली, ती रेकॉर्डिंग २००९ ला आली, भन्नाट आहे, बिल रीफ्लिन ड्रम्सवर. त्यातूनच "ॲक्सेलरेट" (२००८), जेमतेम पस्तीस मिनिटं, जिममध्ये लावा. आणि मार्च २०११ ला "कोलॅप्स इंटू नाऊ". करार पूर्ण झाला आणि २१ सप्टेंबर २०११ ला वेबसाइटवर चार ओळी टाकून बँड बंद केला. कोर्टकचेऱ्या नाहीत, आत्मचरित्रातून धुणी धुणं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर एक व्हिडिओ शोधा, १३ जून २०२४, न्यू यॉर्क, साँगरायटर्स हॉल ऑफ फेमचा कार्यक्रम. चौघं, बेरीसकट, अकूस्टिकवर "लूझिंग माय रिलिजन". एकच गाणं वाजवलं आणि खाली उतरले. परत एकत्र यायला काय लागेल असं तेव्हा विचारलं तर मिल्स म्हणाला धूमकेतू. मिल्स बोलला हेही बरोबरच.

आणि अजून खाज असेल तर शेजाऱ्यांकडे जा, अथेन्सचाच पायलॉन नावाचा बँड आहे, त्यांचं "क्रेझी" आर.ई.एम.ने केलंय ते "डेड लेटर ऑफिस"वर सापडेल, आणि मिनियापोलिसच्या द रिप्लेसमेंट्सचं "आय विल डेअर" लावा, त्यातला गिटार सोलो पीटर बकचा आहे, ज्या माणसाने स्वतःच्या बँडमध्ये सोलो कटाक्षाने टाळले त्याचा.